आपल्या पायांनी

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर बाप्तिस्म्याचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण यंदाचा अंक माणसाच्या सर्वांत खासगी निर्णयांविषयी आहे, आणि आपला देव कोणता हे ठरवण्याइतका खासगी निर्णय दुसरा कोणता? शिवाय हा विषय मराठी साहित्याला परका नाही. ‘स्मृतिचित्रे’सारखे आपले थोर आत्मचरित्र याच घालमेलीतून गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले आहे.

त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी बराच काळ त्यांचे बायबलचे वाचन आणि मनाशी झगडा चालू होता. त्यांच्या निर्णयाने संसार उभा फाटला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आसऱ्याला राहिल्या आणि नवरा-बायको कित्येक वर्षे वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी त्यांच्या धर्मात गेल्या नाहीत. नगरला ख्रिस्ती वस्तीत राहूनही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक निराळा ठेवला. ‘नवरा जाईल तिकडे बायकोने जावे’ असे मानणाऱ्या त्या काळात ही बाई आपल्या जागी ठाम राहिली, आणि टिळकांनीही तिला आपल्यामागे ओढत नेले नाही.

मग लक्ष्मीबाईंचे मन वळले कशाने? कुणाच्या प्रवचनाने नाही. राहुरीला असताना एके दिवशी त्या जातिभेदाचा विचार करत बसल्या. देवाने माणूस घडवला, जाती माणसाने पाडल्या, हे त्यांना लख्ख पटले आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांची खरी अडचण चुलीपाशी होती. तिथली गाठ सुटल्यावर बाकीची वाट मोकळी झाली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःचा म्हणून.

बाबा पदमनजींची अडचण वेगळी. ते परमहंस सभेत होते. तिथे जातिभेद न मानण्याची खूण म्हणून परजातीच्या हातचा पाव खाल्ला जाई, पण सगळे गुपचूप. चारचौघांत कळले तर वाळीत पडण्याची भीती होती. बाबांचे मन ख्रिस्ताकडे कधीच गेले होते, तरी उघडपणे पाऊल टाकायला १८५४ साल उजाडावे लागले. त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ही उलघाल वाचायला मिळते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही धर्मगुरूंची शिकवण त्या तपासून घेत राहिल्या आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. श्रद्धा स्वीकारताना आपली बुद्धी आणि आपले ताट दुसऱ्याच्या हवाली करावे लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवले.

बाप्तिस्मा घेण्याच्या संकोचामागे नेहमी मनच असते असेही नाही. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने सुरक्षित केला. तोवर बाप्तिस्मा म्हणजे वडिलोपार्जित घरादारावर पाणी सोडण्याचा धोका होता. आजही दलित कुटुंबातल्या माणसासमोर तसाच एक प्रश्न उभा राहतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शीख दलितांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो दर्जा मिळाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. देवळात गेलो काय आणि चर्चमध्ये गेलो काय, गावातली वागणूक बदलत नाही. मग सवलत तेवढी का जावी? हा अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा माणसाच्या थांबण्याला कच्ची श्रद्धा म्हणणे क्रूरपणाचे ठरेल.

संकोचावर मात करायची म्हणजे तो दडपायचा नाही. तो नेमका कशाचा आहे, हे आधी ओळखायचे. आईच्या डोळ्यांतल्या पाण्याचा, लोकांच्या बोलण्याचा, हक्क जाण्याचा, की अजून मनच न पटल्याचा? प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. मन पटले नसेल तर थांबणे हाच प्रामाणिकपणा. पटले असेल आणि नुसती भीती उरली असेल, तर लक्ष्मीबाईंसारखे एकेक गाठ सोडवत पुढे जावे. ज्या टिळकांनी स्वतः एवढी किंमत मोजून बाप्तिस्मा घेतला, त्यांनीच १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. ताटकळणाऱ्याविषयी एवढी माया अनुभवी माणसालाच असू शकते.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे. ते कागदावर राहू नये, ही जबाबदारी घराघरांची आहे. म्हणून धर्मगुरूंना विनंती, की घाई करू नका. आणि आईवडिलांना विनंती, की निर्णय पटला नाही तरी दार बंद करू नका. आणि जो अजून विचारात आहे त्याला एवढेच सांगणे : बाप्तिस्मा घ्या अथवा घेऊ नका, पण तो निर्णय आपल्या पायांनी चालत जाऊन घ्या.