गोळी गावात, माणूस फडात

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून माणसे ऊसतोडीला निघतात. ट्रॉलीत भांडी, दाणे, सरपण, लेकरे सगळे चढते. औषधपाण्याची सोय तेवढी गावातच राहते. रक्तदाबाची गोळी देणारे आरोग्य केंद्र गावाकडे, गरोदर बाईची नोंद ठेवणारी आशाताई गावाकडे, आणि माणूस शेकडो किलोमीटर दूर कोपीत. फड संपला की तळ हलतो. पाच-सहा महिने त्याला पत्ताच नसतो, आणि आपली आरोग्यव्यवस्था तर पत्त्यावर चालते.

ही माणसे परकी नाहीत. कापूस आणि ज्वारीचा खर्च भावातून निघत नाही म्हणून कोयता हाती घेतलेले आपलेच भाऊबंद आहेत. तेव्हा हा मजुरांचा प्रश्न, शेतकऱ्यांचा नव्हे, असे म्हणून कोणी बाजूला सरकू नये.

तळावरचा आजारपणाचा हिशेब पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एकजण आजारी पडला की अख्खा कोयता थांबतो. मजुरी बुडते आणि वर मुकादम खाडा लावतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार विनाशुल्क झाले, हे चांगलेच झाले. पण केसपेपरची खिडकी उघडी असते तेव्हा माणूस फडात असतो. फुकटचा दवाखाना त्याला दिवसाची मजुरी आणि खाडा एवढ्याला पडतो. मग दुकानातून दुखण्याची गोळी आणायची आणि मोळी उचलायची.

दाबलेले दुखणे कुठे जाते ते बीडने दाखवले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ बायांची गर्भाशये काढलेली होती. पाळीचा त्रास, अंगावर काढलेले दुखणे, खाड्याची धास्ती आणि पिशवी काढून टाकण्याचा सोपा सल्ला, या सगळ्यांचा मिळून तो आकडा आहे.

क्षयाचे तसेच. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि गाळपाचा हंगामही जवळपास तेवढाच. मध्येच गोळ्या तुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. वास्तविक क्षयरुग्णाची नोंद 'निक्षय'वर होते आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात वळवता येते. म्हणजे औषध माणसामागे जाऊ शकते. क्षयाला जे जमते ते रक्तदाबाला, साखरेच्या आजाराला आणि बाळंतपणाला का जमू नये?

कायद्याने काय दिले? कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. त्यात हंगामी कारखाने वगळले. त्या यादीत साखर आहे, आणि आपला कापूस जिथे जातो ते जिनिंगही आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांना ही सूट ठेवलीच. आजार काही हंगाम पाहून येत नाही, पण विमा हंगाम पाहून नाकारला जातो.

हे केवळ उसाचे नाही. कोकणात पेण तालुक्यात, मुंबई-गोवा हमरस्त्यावरच्या गडबच्या परिसरात भातशेती आहे. भाताची कापणी झाली की त्या भागातली कातकरी कुटुंबे वाड्या सोडून वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथेही उचल आहे, आणि लेकराच्या लसीचे कार्ड वाडीत अन् लेकरू भट्टीवर असते. पीक वेगळे, जिल्हा वेगळा, रोग तोच.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्या ठरावात याव्यात:

१. टोळी निघण्याआधी गावात तपासणी व्हावी आणि नेहमीची औषधे किमान दोन महिन्यांची एकदम मिळावीत.

२. कारखान्याने गाळपाच्या काळात तळावर संध्याकाळी फिरता दवाखाना पाठवावा. सकाळी पाठवला तर तो फक्त कागदावर येतो.

३. आजारपणाला आणि बाळंतपणाला खाडा नको. करारात तसे लिहून घ्यावे.

४. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. त्यातले औषधावर किती गेले, याचा हिशेब जाहीर व्हावा. हा पैसा ऊस उत्पादकाच्या बिलातून कापू नये. तोडणी-वाहतूक त्याच्याच माथी मारलेली आहे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसायचे कारण नाही. निघणाऱ्या प्रत्येक घराने एक प्लॅस्टिकची पिशवी करावी. तीत डॉक्टरच्या चिठ्ठ्या, तपासणीचे कागद, माता-बाल कार्ड, आधार आणि रेशनकार्डाची नक्कल ठेवावी. औषधाचे रिकामे पाकीट फेकू नये. कागद हरवला तरी त्यावरून डॉक्टरला औषध कळते. क्षयाच्या रुग्णाने निक्षय क्रमांक लिहून घ्यावा आणि कुठे चाललो ते निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगावे. १०८ची गाडी बोलावताना कुठे यायचे ते सांगावे लागते. म्हणून तळ पडला की गट नंबर आणि जवळचे गाव टोळीतल्या प्रत्येकाने पाठ करावे.

आपण उत्पादन खर्चावर आधारित भाव मागतो. बैलाची पेंड त्या खर्चात धरतो, इंजिनाचे तेल धरतो. राबणाऱ्या माणसाची गोळी धरत नाही. ती ज्या दिवशी हिशेबात येईल, त्या दिवशी कळेल की स्वस्त साखर आणि स्वस्त कापूस कोणाच्या शरीरावर पोसला गेला.