आधी सूर, मग यंत्र

गाण्यापायी घराचे दिवाळे निघते, असे एक जुने मत आपल्याकडे आहे. नाटककंपन्यांच्या काळी ते काही मालकांच्या बाबतीत खरेही ठरले. हल्ली हेच मत नव्या वेषात घराघरांतून वावरते आहे. मुलांना घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे असते आणि त्यासाठी त्यांच्यापाशी यंत्रांची लांबलचक यादी तयार असते. ती पाहून वडील म्हणतात, ‘‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे.’’ गंमत अशी की, ह्या भांडणात दोन्ही पक्षांचा समज एकच असतो: चांगले गाणे महाग यंत्रातून निघते! ह्या सदराच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा वाद चालू असणार, म्हणून साताऱ्याच्या एका घरचा हिशेब आज मांडतो.

हे घर माझ्या अक्काचे. अक्का लग्नापूर्वी गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘विशारद’ झाली आणि सासरी जाताना तंबोरा घेऊन गेली. पहिली दोनतीन वर्षे तो वाजला. मग मुले झाली, सासूबाईंचे आजारपण आले, आणि तंबोरा गवसणीत गुंडाळून माळ्यावर गेला. तो तेथे बावीस वर्षे होता. तिच्या गाण्याला कोणी मनाई केली नाही. वेळ कोणी दिला नाही, इतकेच.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने मनावर घेतले, की आईच्या आठदहा बंदिशी आणि भजने नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायची. दाजींनी दिवाळीच्या खर्चातून दहा हजार रुपये बाजूला काढून दिले. चिरंजिवांची यादी झाली अडतीस हजारांची. ध्वनिग्राहक, त्याला जोडायची पेटी, दोन स्पीकर, भिंतीला चिकटवायचे स्पंजचे तुकडे, शिवाय एक कीबोर्ड. मेळ बसेना तेव्हा तो मला म्हणाला, ‘‘मामा, तंबोरा विकला तर? तुमच्याकडे मिरजेत गिऱ्हाईक मिळेल. मोबाइलमध्ये तंबोरा फुकट मिळतो.’’

अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘विक हो. नाहीतरी पडूनच आहे.’’

हे वाक्य ती ज्या आवाजात बोलली, तो ऐकून दाजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

मुलाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेवरचा तंबोरा घडविला, तेव्हापासून ह्या यंत्रांनी किती तरी गायकांची सोय केली आहे. प्रवासात ते हाताशी असते, उतरत नाही, तार तुटत नाही. पण मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यातून खर्ज नीट उमटत नाही, आणि गाणारा उभा असतो तो खर्जाच्याच आधारावर. तो पातळ झाला की गळाही बावचळतो.

तंबोऱ्याची खरी करामत त्याच्या घोडीत आहे. ही घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिला एका बिंदूत न टेकता हलकेच घासत जाते, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा धागा योग्य जागी आला की स्वर फुलतो. हीच जवारी. खर्जाची तार नीट लागली असेल तर तिच्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर हा गंधार ३८६ व्या भागावर बसतो. हल्लीच्या पेटीतला आणि कीबोर्डमधला ४०० व्या. फरक चौदा भागांचा, पण तयार कानाला तो खुपतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते, त्यामागच्या तक्रारींत सुरांची ही तक्रारही होती. तेव्हा यादीतला कीबोर्ड पहिल्यांदा गळाला आणि तंबोरा राहिला.

राहिला खरा, पण वाजेल तर शपथ! तारा गंजलेल्या, एक खुंटी फिरेना. मी नोकरीनिमित्त सांगलीला असतो आणि मिरज तेथून हाकेच्या अंतरावर. म्हणून तो एस.टी.ने मी घेऊन आलो. गोष्टीतल्या म्हातारीनंतर भोपळ्याने इतक्या थाटात प्रवास क्वचितच केला असेल. कंडक्टरने त्याच्या तिकिटाचा विषय काढला. पण शेजारच्या बाईंनी आपण होऊन त्याला मांडीचा आधार दिला, तेव्हा तोही विषय मिटला.

मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी ती सुरू केली. घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा तेच हात तंबोऱ्याकडे वळले. अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली वारले तोवर हेच त्यांचे गाव होते; तंबोऱ्याची जवारी ते स्वतःच्या हाताने लावीत, असे सांगतात. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे मात्र येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून.

कारागिराने अक्काचा तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, ‘‘चीर नाही, सांधा पक्का आहे. भोपळा छान वाळलाय. आता कुठे बोलायला लागेल.’’ मग विचारले, ‘‘बाई कोणत्या पट्टीत गातात?’’ मी अक्काला फोन लावला. थोडा वेळ तिकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाली, ‘‘पूर्वी काळी चार. आता काळी तीन सांग.’’ ह्या एका स्वरात बावीस वर्षे होती. कारागिराने मान डोलावली आणि त्या पट्टीला शोभतील अशा तारा काढल्या. तारा, खुंटी, जवारी सगळे मिळून दोन हजारांच्या आत झाले.

आता खोली. आपल्याकडल्या ध्वनिमुद्रणाचा आरंभही कोठल्या खास इमारतीत झालेला नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले ते एका हॉटेलातल्या खोलीत. विजेचा ध्वनिग्राहक तेव्हा नव्हता. कर्ण्यात तोंड घालून सुमारे तीन मिनिटांत राग संपवावा लागे. त्या मानाने साताऱ्याची दोन खोल्यांची जागा म्हणजे राजवाडाच.

ह्या राजवाड्याला एकच दोष होता. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती ह्यांमुळे आवाज चेंडूसारखा उसळे. स्पंजचे पातळ तुकडे फक्त वरचे, टोकदार सूर शोषतात. बाहेरचा गोंगाट तर मुळीच अडवत नाहीत. जाड गाद्या आणि गोधड्या त्यांच्यापेक्षा सरस. त्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असतातच. भाच्याने दोन गाद्या भिंतीशी उभ्या केल्या, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि कपड्यांचे कपाट सताड उघडे ठेवले. उसळणारा आवाज खाली बसला. खर्च शून्य.

ध्वनिग्राहक घेतला तो संगणकाला थेट जोडता येणारा, साडेतीन हजारांचा. कानावर घालायचा हेडफोन बाराशेचा, स्टँड सहाशेचा. स्पीकर रद्द. ऑडॅसिटी नावाची संगणकप्रणाली २००० सालापासून फुकट मिळते. घरगुती कामाला ती पुरून उरते. पुढचे नियम भाच्याने खटपटीतून बसवले, ते वाचकांच्या उपयोगी पडतील. ध्वनिग्राहक तोंडापासून हातभर लांब आणि जरासा तिरका असावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ चा फुत्कार त्यात शिरत नाही. आवाजाची पातळी दोनतृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये. हळू झालेला आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. गळा आणि तंबोरा ह्यांचा तोल बटणाने नव्हे, बसण्याने साधावा. तंबोरा वीतभर मागे घेतला की काम होते. मूळ मुद्रण न दाबलेल्या स्वरूपात ठेवावे आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

शांतता मात्र बाजारात मिळत नाही. पंखा बंद केला, तर फ्रिज गुरगुरे. फ्रिज बंद केला, तर शेजारचा कुकर शिटी देई. शेवटी पहाटे चारची वेळ ठरली. दाजी तीस वर्षांत चहा करायला उठले नव्हते. ते साडेतीनला उठले, चहा ठेवला आणि कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून तो पेल्यांतून आणला.

अक्काने भैरव घेतला. तार षड्ज पूर्वीसारखा लागला नाही, आणि तिने तो ओढूनताणून लावलाही नाही. खालच्या सप्तकात मात्र अशी काही ठाय बसली, की मुद्रण सांभाळणारा भाचा बटण बंद करायचे विसरला. मागाहून ते ऐकताना तो म्हणाला, ‘‘आई, यात गोड करायला काही घालायला नको.’’ तिने विचारले, ‘‘आणि तो तार षड्ज?’’ त्यावर दाजी म्हणाले, ‘‘असू दे तसाच. तो आजचा आहे.’’

दहा हजारांपैकी सात हजार तीनशे खर्च झाले. उरलेले दाजींनी परत घेतले नाहीत; तारांना लागतील म्हणाले. कारण ध्वनिमुद्रण आठ पहाटांत संपले, तरी अक्का रोज अर्धा तास बसतेच आहे. सातारा जिल्ह्यात औंधला अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीतोत्सव दिवाळीच्या आधी भरतो. यंदा मायलेक मिळून तेथे ऐकायला गेली. कान तयार झाला की यादी आपोआप आखूड होते, हा भाच्याचा अनुभव.

तेव्हा वाचकहो, मुलांची यादी पाहून रागावू नका आणि ती सगळीच्या सगळी मान्यही करू नका. आधी घरात गाणारे कोण आहे ते पाहा. मग त्याला सूर द्या, खोली द्या, अर्ध्या तासाची शांतता द्या. एवढे झाल्यावर जे पैसे उरतील त्यांत बसेल ते यंत्र आणा, ते पुरते. दिवाळीच्या साफसफाईत माळा उघडाल, तेव्हा गवसणीवरची धूळ तेवढी झटकून पुन्हा वर ठेवू नका.