रिकामी राहिलेली ओळ

मुलांनो, तुमच्या घरात कॉलेजात जाणारा दादा किंवा ताई आहे का? असेल तर आजचं पान त्यांनाही वाचायला द्या. आईबाबांनी तर वाचावंच.

गेल्या रविवारी दुपारी दारात दोघं उभी. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी आणि तिचा मोठा भाऊ. हा भाऊही दहा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून गेलेला. फळ्यासमोर बोलावलं की घामाघूम व्हायचा. आता बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हातात एक कागद होता. म्हणाला, "बाई, बायोडाटा लिहिलाय. जरा बघता का?"

नाव, पत्ता, जन्मतारीख, दहावी-बारावीचे टक्के, सगळं नीट लिहिलेलं. पुढे 'काय काम येते' अशी ओळ, आणि तिच्यासमोर काहीच नाही.

"अरे, हे रिकामं का?"

"काही येतच नाही बाई. शाळेत गेलो, कॉलेजात गेलो. बाकी काय केलंय मी?"

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. वडिलांचे गुडघे दुखावलेत, त्यांचं कामावर जाणं बंद आहे. एका कंत्राटदाराने सांगितलंय, सोमवारपासून चाकणच्या कारखान्यात हेल्पर म्हणून ये. पाळी दर आठवड्याला बदलणार, म्हणजे कॉलेज सुटणार. त्याने ते जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात आमच्या बाईसाहेब मध्येच बोलल्या. "खोटं बोलतोय हा! सुट्टीत मामाच्या गाळ्यावर सगळ्या पट्ट्या हाच लिहितो."

मामाचा चाकणच्या मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा आडतीचा गाळा आहे. शेतकऱ्याचा माल विकला की किती गोणी, काय वजन, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली, हे लिहून त्याच्या हातात कागद देतात. ती पट्टी. एक आकडा चुकला तर भांडण! मी विचारत गेले आणि बहीण सांगत गेली. पहाटे कुणी न उठवता उठतो. कांदा नुसता दाबून सांगतो, हा टिकेल, हा नाही. कुणी शेतकरी भावावरून चिडला की मामा मागे सरकतो आणि हाच त्याला बसवून, चहा देऊन हिशोब समजावतो.

"आणि म्हणे काही येत नाही!" मी म्हटलं. त्याचे कान लाल झाले.

आम्ही ती ओळ भरायला बसलो. आधी त्याने लिहिलं, 'प्रामाणिक, कष्टाळू, होतकरू'. ते मी खोडायला लावलं. हे शब्द सगळेच लिहितात, त्यावरून कुणाला काही कळत नाही. मग लिहिलं, 'दोन वर्षे सुट्टीत आडतीच्या गाळ्यावर हिशोबपट्ट्या लिहिल्या, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून हिशोब समजावून दिला.' वाचणाऱ्याला लगेच कळतं की या मुलाला आकडे समजतात आणि माणसंही.

आता सोमवारचा प्रश्न. कंत्राटी कामाला मी नावं ठेवत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. पण कारखान्याच्या एकाच फाटकातून दोन मुलं आत जातात, तेव्हा त्यांच्यात फरक असू शकतो. एक नुसता हजेरीवर असतो. दुसरा ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. लेखी करार होतो, शिकण्याची मुदत ठरलेली असते, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. पुढे नोकरी मिळेलच असं नाही, पण शिकल्याचा कागद आपल्या हातात राहतो. पूर्वी हे आयटीआयवाल्यांचं, नंतर इंजिनीअरांचंही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बी. ए., बी. कॉम. झालेल्यांनाही ते दार उघडलं. कारखान्यात काय नुसती यंत्रंच असतात? स्टोअर्स असतं, हिशोब असतो, खरेदी असते. म्हणून म्हटलं, पदवी अर्ध्यावर सोडू नकोस.

"पण आजचे पैसे, बाई?"

हा प्रश्न खरा होता. पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे. तिच्यात कॉलेजातच रोज काही तास ग्रंथालयात, ऑफिसात नाहीतर बागेत काम करायचं आणि तासावर पैसे घ्यायचे. पाळीतल्या मजुरीइतके ते नसतात, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याला योजना ऐकून माहीत होती, पण म्हणाला, "मित्र बघतील ना बाई, झाडू मारताना."

तेव्हा मी त्याला भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. विद्यापीठाच्या योजनेला नाव त्यांचंच आहे. कर्मवीर होण्याआधी हा माणूस ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरला. स्वतः मॅट्रिकही पुरी केली नव्हती! त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज सुरू झालं, तिथे पोरं शेतात राबून शिकली. लाज वाटायची असती तर त्यातलं कुणीच शिकलं नसतं. पिंपरीचं महात्मा फुले महाविद्यालय माहीत आहे ना? तेही रयतचंच.

सोमवारी तो आधी कॉलेजच्या ऑफिसात गेला. अर्ज भरून दिलाय, अजून उत्तर आलेलं नाही. कंत्राटदाराला सांगितलंय, परीक्षा झाल्यावर सुट्टीत येतो. मामाने रविवारच्या कामाचे पैसे द्यायचं कबूल केलंय. (आतापर्यंत फुकट राबवत होता, हे मला तेव्हाच कळलं!) घरचा खर्च एवढ्यात भागेल का, हे त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. महिनाभर बघू म्हणतोय.

आता तुमचं काम. या रविवारी वही घेऊन दादा-ताईच्या मागे मागे फिरा आणि त्यांना काय काय येतं ते लिहा. 'हुशार' किंवा 'चांगला' असं लिहायचं नाही. 'बंद पडलेली शेगडी दुरुस्त करते', 'आजीला बँकेत नेऊन स्लिप भरून देतो' असं लिहायचं. पालकहो, वही वाचताना मध्ये "त्यात काय मोठंसं" म्हणू नका.

आमची चौथीतली बाई मात्र रुसली आहे. सगळं तिने सांगितलं आणि बायोडाटावर तिचं नाव कुठेच नाही, म्हणून.