टायर स्वस्त झाला, तरी गोटा टायर रस्त्यावर कसा?

मूल : २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा तर १८ वरून थेट ५ टक्के झाला. समजा टायरची मूळ किंमत ४ हजार आहे. तो आधी ५ हजार १२० रुपयांना पडायचा, आता ४ हजार ७२० ला. चार टायर बदलले तर १ हजार ६०० रुपये वाचतात. ट्रॅक्टरच्या मागच्या २० हजारांच्या टायरवर २ हजार ६०० रुपयांचा फरक पडतो. तरीही मूल, सावली, पोंभुर्णा, सिंदेवाही भागात पार घासलेले टायर घेऊन गाड्या धावतातच.

कारण सरळ आहे. धानाचा चुकारा आला की आधी सोसायटी, मग खत-बियाण्याची उधारी, मग लग्नकार्य. टायरचा नंबर शेवटी. इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते, म्हणून तो खर्च करावाच लागतो. टायर गोटा झाला तरी गाडी चालतेच. फुटेपर्यंत चालते.

कायदा काय म्हणतो? चारचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, दुचाकीला ०.८ मिलिमीटर. मोजायला पट्टी लागत नाही. नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात. बाजूला 'टीडब्ल्यूआय' अक्षरं किंवा लहान त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत पाहायचं. नक्षी घासून उंचवट्याला टेकली की टायर संपला. पावसाळ्यात असा टायर पाणी कापत नाही, पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक लागत नाही.

नक्षी चांगली दिसली म्हणजे टायर चांगला, असंही नाही. बाजूला चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. वर्षभर अंगणात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर न चालताच कडक होतं, बाजूला भेगा पडतात. पाच-सहा वर्षांच्या पुढे गेलेला टायर दरवर्षी दाखवून घ्यावा. जुने टायर स्वस्तात घेणाऱ्यांनी तर हे आकडे आधी वाचावेत. नवा टायर घेतानाही दुकानात विचारायला लाजू नये.

चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५-४६ च्या पुढे जातो. म्हणून 'उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, नाहीतर फुटते' असा सल्ला पानठेल्यावर हमखास मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते, उठते, आणि त्यातूनच जास्त तापते. फुटतो तो बहुतेक असा तापलेलाच. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा जास्तीत जास्तचा असतो, तेवढी भरायची नसते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. नायट्रोजनसाठी पैसे मोजायची सक्ती नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाकावेत. आपल्याकडे सगळे पुढे टाकतात, पण ओल्या रस्त्यावर मागचं घसरलं तर गाडी फिरते आणि सावरत नाही.

खरी काळजी मिरची तोडणीच्या हंगामाची. दरवर्षी या भागातले मजूर, त्यात बाया जास्त, तेलंगणात जातात. पुष्कळदा पिकअपमध्ये, उभ्याने. मालगाडीत माणसं नेणं बेकायदा आहे, हे चालकालाही ठाऊक असतं. २५ जणी धरल्या, माणशी ५० किलो, तर साडेबाराशे किलो माणसंच झाली. वर तांदळाची पोती, भांडी. "एवढं वजन गाडी ओढते" असं चालक म्हणतो, आणि कागदावर ते खोटं नसतं. पण ती क्षमता धड टायरची आणि पुऱ्या हवेची असते. टायरवरच्या मापानंतर जो आकडा येतो तो वजनाचा. उदाहरणार्थ १६५/८० आर १४ ८५ टी यातला ८५ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५१५ किलो. शिवाय पोतं जागेवर राहतं, माणसं वळणावर एका बाजूला झुकतात. भाडं ठरवताना मुकादमाने एकदा खाली वाकून टायर पाहिला तर काही बिघडत नाही.

दुसरी बाजूही आहे. अपघात झाला की 'टायर फुटला' हे पहिलं उत्तर असतं. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं, परिवहन विभागाच्या तपासात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे झोप, दारू आणि वेग टायरच्या नावावर खपवता येत नाही. पण शिर्डीला जाताना समृद्धीवर तासन् तास न थांबता ताशी १२० ने गाडी हाकायची असेल तर घासलेला टायर तिथे साथ देत नाही, हेही तेवढंच खरं.

आणि स्टेपनी. तिची हवा वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर लोहाऱ्यापासून चिचपल्ली, केळझरपर्यंत जंगल आहे, वाघाचा वावर आहे. रात्री तिथे पंक्चर झालं तर खाली उतरून जॅक लावत बसू नये. इंडिकेटर लावून अगदी हळू पुढच्या गावाच्या उजेडापर्यंत गाडी न्यावी. टायर जाईल, रिमही वाकेल. जाऊ द्यावी.