डबा निराळा, माल निराळा

नगरच्या माळीवाड्यांतील एखाद्या घरीं वीस वर्षांपूर्वींच्या मुंजीची डीव्हीडी उघडावी, तों आंत ‘व्हीओबी’ फायली निघतात. परदेशांतील लेकीच्या फोनवर त्या चालत नाहींत. मग कोणीतरी त्यांचें ‘एमपी४’ करून देतो व मूळ तबकडी अडगळींत पडते. हा व्यवहार आम्हांस तोट्याचा वाटतो. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हीं नुसत्या डब्यांचीं नांवें होत. आंतील चित्र कोणत्या रीतीनें दाबून भरलें आहे, तें निराळेंच. डबा बदलल्यानें चित्र बिघडत नाहीं. परंतु डीव्हीडीवरील एमपेग-२ चित्र २००३ सालच्या एच.२६४ रीतीनें पुन्हां दाबलें, कीं फाइल लहान होते खरी, पण कांहीं बारकावे कायमचे जातात. मातृभोजनाच्या पंगतींतील आजींचा चेहरा आधींच पुसट असावयाचा! लेकीस एमपी४ नक्कल खुशाल धाडावी. मूळ व्हीओबी मात्र दोन ठिकाणीं उतरवून ठेवाव्या, कारण तबकडीहि कालांतरानें वाचली जाईनाशी होते.