तेल वाढतंय? मग पंप पाहा

आमच्या थोरल्या बंधूंकडे जुनी मारुती ८०० आहे. कार्ब्युरेटरची, म्हणजे २००० सालाच्या आधीची, पुन्हा पाच वर्षांचे पासिंग करून घेतलेली. दादा गाडीला जिवापाड जपतात. दर रविवारी तेलाची पट्टी काढून पुसून पाहायची, हा त्यांचा नेम. मागच्या उन्हाळ्यात एके रविवारी ते मला कौतुकाने म्हणाले, "बघ, महिनाभर थेंबभर तेल जळलं नाही. उलट पट्टीवर वरच चढलंय!" मी घाईत होतो. हसलो आणि मोटार चालू करायला विहिरीवर निघून गेलो.

त्याच सुमारास वहिनी म्हणत होत्या की गाडीत बसले की पेट्रोलचा वास लुगड्याला लागतो. दादांनी गाडी तालुक्याच्या गॅरेजात नेली. तिथे कार्ब्युरेटर साफ केला, पैसे घेतले. आठ दिवसांनी पुन्हा नेली, पुन्हा साफ केला. चढावर गाडी गचके देई ती देतच राहिली.

आणि मग एका रात्री धाकट्या सुनेला कळा सुरू झाल्या. रात्रीचे दोन वाजले होते. दहिवडीच्या वाटेवर, गाव सोडून चार मैल गेल्यावर, चढाला गाडीने दम टाकला तो टाकलाच. स्टार्टर फिरतोय, इंजिन धरत नाही. शेजारच्या वस्तीवरच्या पाहुण्यांनी जीप काढली म्हणून सून वेळेत पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण त्या पाऊण तासात वहिनींनी जे सोसले ते मी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली आणि मी तेलाची पट्टी काढून नाकाशी धरली. तेल कसले, अर्धे पेट्रोलच होते ते.

दोष होता फ्युएल पंपाचा. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात. थंड हवेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही. आज या पंपाविषयीच लिहितो, कारण अशा जुन्या मारुती आणि ओम्नी आपल्या वाड्यावस्त्यांवर अजून पुष्कळ आहेत. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पण खेड्यातली गाडी कारखाना थांबला म्हणून थांबत नाही.

पेट्रोलची टाकी मागे आणि खाली, इंजिन पुढे आणि वर. तेव्हा पेट्रोल ओढून वर चढवायला काहीतरी हवे. इंजिनाच्या माथ्यावर एका अंगाला, मुठीएवढा हा पंप दोन बोल्टांवर बसवलेला असतो. त्याच्या पोटात रबरी कापडाचा पडदा असतो. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरतो, त्याचा उंचवटा एका लहान दांडीला ढकलतो, दांडी पडदा ओढते, पेट्रोल आत येते. स्प्रिंग पडदा परत ढकलते, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. मागे परतू नये म्हणून दोन झडपा, आपल्या विहिरीच्या फूटव्हॉल्व्हसारख्या. लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा, म्हणजे सगळे कळेल.

या पडद्याला चीर गेली की पेट्रोल दोन वाटांनी जाते. पुष्कळ पंपांच्या पोटाला बारीक भोक असते, तिथून बाहेर ठिबकते. तापलेल्या इंजिनावर ठिबकले तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. दुसरी वाट आत, इंजिनाच्या तेलात. ही अधिक फसवी, कारण खाली डाग पडत नाही. तेल पातळ होते, बेअरिंगांवर टिकत नाही आणि इंजिन आतून खाल्ले जाते. म्हणून पट्टीवर तेल आपोआप वाढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूदेखील करू नये.

मात्र गाडी बंद पडली की लगेच पंपच गेला, असे धरू नये. उलट चूकही मी पाहिली आहे: पंप नवा आणला, आणि दोष निघाला रुपया-दोन रुपयांच्या रबरी नळीत. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपाला बारीक भोक पडले तर पाणी बाहेर येत नाही, पंप हवा धरतो. इथेही तसेच. टाकीपासून पंपापर्यंतची नळी तडकली तर थेंबही गळत नाही, पण पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. नळी वाकवून पाहावी. भेगा दिसल्या की बदलावी. मग फिल्टर. त्यावर बाण असतो, बाणाचे तोंड पंपाच्या दिशेने, म्हणजे पेट्रोल वाहते त्या दिशेने हवे. मी तरी तो दरवर्षी बदलतो. आणि टाकीचे झाकण: टाकीत हवा जायची वाट बुजली तर पेट्रोल ओढले जात नाही. बंद पडलेल्या गाडीचे झाकण उघडताच 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी चालू लागली, तर पंपाला बोल लावू नका.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक प्रकार होतो. इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत, ते याचसाठी. अर्धा तास सावलीत उभी करून, फडके टाकून गाडी चालू झाली तर पंप बहुधा ठीक आहे.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही तर पंप तपासावा. गाडी अंगणात उघड्यावर घ्या, चुलीपासून आणि गोठ्यापासून लांब. जवळ वाळूची बादली ठेवा. विडी-काडी करणाऱ्या पाहुण्याला आधी चहाला घरात पाठवा. इंजिन गार हवे. कॉइलची बारीक वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवून तिला लांब तुकडा जोडा आणि टोक पत्र्याच्या डब्यात धरा. दुसऱ्याने पाच-सात सेकंद स्टार्टर मारावा. पेट्रोलची पिचकारी ठरावीक ठेक्याने आली तर पंप चांगला. नुसते ओघळले किंवा आलेच नाही, आणि मागची नळी व फिल्टर मोकळे आहेत, तर पंप गेला.

जुन्या ॲम्बेसडर-फियाटच्या पंपाचे स्क्रू खोलून नवा पडदा टाकता येई. मारुतीचा पंप कडा दुमडून बंद केलेला असतो. तो उघडायच्या फंदात पडू नये, अख्खाच बदलावा. दुकानात दोन प्रकारचा माल मिळतो. स्वस्तातल्याचा पडदा कसला आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून कंपनीच्या डब्यातला, पावती घेऊन आणावा.

बसवणे अवघड नाही. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढा. पंपाला बहुधा तीन नळ्या असतात: टाकीकडून येणारी, कार्ब्युरेटरकडे जाणारी आणि जास्तीचे पेट्रोल परत टाकीत नेणारी. सोडवण्याआधी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. वहिनींच्या शिवणाच्या पेटीत सगळे रंग मिळतात. टाकीकडच्या नळीत नीट बसेल असा बोल्ट कोंबा, नाहीतर पेट्रोल वाहत राहील. दोन्ही बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने सैल करा आणि पंप सरळ ओढा. आतली दांडी निसटून धुळीत पडू देऊ नका. जुने पॅकिंग खरवडताना भोकात चिंधी ठेवा, कपचा आत गेला तर कायमचे दुखणे. नवे पॅकिंग, नवा पंप, आणि पुन्हा बोल्ट आळीपाळीने आवळा. पंप बसताना फार जोर मागत असेल तर उंचवटा वर आलेला आहे. इंजिन थोडे फिरवून घ्या. डोके ॲल्युमिनियमचे आहे, बैलगाडीच्या कण्यासारखे आवळाल तर आटे जातील. नळ्यांना क्लिपा नव्याच लावा. चालू केल्यावर पाच मिनिटे बॅटरीच्या उजेडात सगळे सांधे पाहा.

तेलात पेट्रोल मिसळले असेल तर तेल आणि त्याचा फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. दादांना ते नवे तेल फेकल्यासारखे वाटत होते, पण मी ऐकले नाही. काढलेले तेल डब्यात भरून गॅरेजात द्या. विहिरीजवळ ओतू नका, जनावरांच्या तोंडाला लागेल असेही ठेवू नका.

दोन गोष्टी कोणी शिकवल्या तरी करू नयेत. एक, नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे. ठसका लागून ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणाच्या पोटात गेलेच तर उलटी करवू नका, तडक डॉक्टरकडे न्या. दुसरी, पंप बंद पडला म्हणून बाटली वर टांगून कार्ब्युरेटरला पेट्रोल देणे. त्या रात्री दादांनाही एकाने हेच सुचवले होते. तापलेल्या इंजिनावर बाटली आणि गाडीत बाळंतीण!

आता उसवाल्यांसाठी थोडे. आपल्याच उसाचे, तसेच मक्याचे आणि तांदळाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. भाव मिळतो ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. नळ्या आणि पडदे लवकर फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पावसाळाभर छपराखाली उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचते, गंज धरतो आणि तो गाळ फिल्टरात येतो. म्हणून महिनोन्‌महिने तेच पेट्रोल ठेवू नये, गाडी आठवड्यातून एकदा तरी हिंडवावी, आणि नळ्या-फिल्टर पावसाळ्यानंतर पाहावेत.

२००० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेचा असून टाकीतच पेट्रोलात बुडालेला असतो. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद मागून बारीक घुं असा आवाज येतो. आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहा. पेट्रोलच त्याला गार ठेवते, म्हणून सदा काटा तळाला ठेवून गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर जळतो. या नळ्यांत दाब पुष्कळ असतो. तो पंप घरी उघडू नये, जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावा.

दादा आता पट्टी पुसतात ती आधी नाकाशी धरून. आणि वास येतो असे वहिनी म्हणाल्या की बॉनेट त्याच दिवशी उघडते.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालावे की नाही, असे दोघा-तिघा वाचकांनी विचारले आहे. त्याविषयी पुढच्या अंकात.