विमान त्यांचं, हप्ता आपला

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी, मग लग्नसराई, असं करत राहूनच गेलं. आज जे लिहिणार आहे ते वाचून घरातली दोन-तीन माणसं माझ्यावर रागावणार, हे आधीच सांगून ठेवते. रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

गेल्या रविवारी पुतण्या आला होता. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची मुलगी बारावी झाली, फिजिक्स आणि गणितात चांगले मार्क आहेत. पोहे खाऊन झाल्यावर म्हणाला, "काकू, तिला पायलट करायचं ठरवलंय." मला आनंदच झाला. आमच्या घरातली पोरगी विमान चालवणार म्हटल्यावर कोणाला नाही होणार? मग हळूच पुढचं आलं. खेडकडची सामाईक जमीन विकायची (त्यात आमचाही वाटा आहे), उरलेल्या रकमेचं कर्ज काढायचं, आणि त्याला जामीन मी राहायचं. मी विचारलं, "नोकरीची खात्री काय?" तर म्हणतो, "काकू, पायलटला महिन्याला पाच-सहा लाख मिळतात. दोन वर्षांत सगळं फिटतंय."

हे "दोन वर्षांत फिटतंय" ऐकलं आणि रात्री झोप लागली नाही. म्हणून हा लेख.

पुतण्या सांगतो तो पगार खोटा नाही. पण तो कॅप्टनचा पगार आहे, बऱ्याच वर्षांच्या अनुभवानंतरचा. नुकतं लायसन्स हातात पडलेल्या मुलाचा नव्हे. शिडीच्या वरच्या पायरीवरचा आकडा दाखवून खालच्या पायरीवरच्या पोराच्या बापाकडून पैसे घ्यायचे, असा हा धंदा झाला आहे.

जरा हिशोब करू. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण शाळेत गणिताचे तासही घेतलेत. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. ते बारामतीत करा, धुळ्याला करा, गोंदियाला करा की परदेशात, खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा पुढेच जातो. एवढ्यावर नोकरी मिळत नाही. ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, ते घ्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा तेही उमेदवाराच्याच पैशाने. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनांत हा आकडा कोटीच्या घरात जातो. समजा जमीन विकून राहिलेल्या ६० लाखांचं कर्ज काढलं, व्याज ११ टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता बसतो महिना ८२ हजारांच्या वर. दहा वर्षांत फेड होते ९९ लाख. आणि नोकरी लागायला दोन वर्षं लागली, तर ती दोन वर्षं हप्ता कोण भरणार? चाकणचा सुपरवायझर.

आमचे हे टेल्कोत होते. १९७० च्या दशकात शिकाऊ म्हणून लागले. मशीन त्यांचं, शिकवणारा त्यांचा, आणि वर शिकणाऱ्या मुलाला महिन्याचं विद्यावेतन. गावाहून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेलं पोर कारखान्याने स्वतःच्या खर्चाने शिकवलं, कारण कारखान्याला फिटर हवे होते. ज्याला कारागीर हवा त्याने तो तयार करायचा, हा साधा व्यवहार होता. आज हा व्यवहार उलटा झाला आहे. कारागीर कंपनीला हवा, तयार करायचा आईबापांनी, आणि तयार झाल्यावर घ्यायचा की नाही ते कंपनी ठरवणार.

आता कोणी म्हणेल, बाई, लाखोंनी कमावणाऱ्यांचं रडगाणं कशाला गाताय? चाकणमध्ये कंत्राटी पोरं काय पगारावर राबतात ते बघा की! बघितलंय हो. माझ्या हाताखालून गेलेली किती मुलं आज भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत ठेकेदाराच्या बसने जातात-येतात. परमनंट माणसाच्या शेजारी उभं राहून तेच काम निम्म्याहून कमी पैशात करतात. मध्ये काही वर्षं "नीम ट्रेनी" नावाचा प्रकार होता. नावाला शिकाऊ, कामाला पुरा कामगार. म्हणूनच तर पायलटचं दुखणं मला लगेच ओळखू येतं. रोग तोच आहे, फक्त या रोग्याच्या अंगावर पांढरा शर्ट आहे आणि खांद्यावर सोनेरी पट्टे.

उदाहरण देते. २०२० मध्ये कोरोनात मार्चअखेरपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती. पगार कापले गेले. ते समजू शकते, तेव्हा सगळ्यांनीच सोसलं. पण विमानं पुन्हा भरभरून उडायला लागल्यावर काय झालं? २०२४ च्या सुरुवातीला विस्तारा कंपनीने वैमानिकांपुढे नवा करार ठेवला. आधी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा पगार ठरलेला असे, मग विमान कमी उडो की जास्त. नव्या करारात ठरलेला पगार ४० तासांचाच. पुढचं जेवढं उडाल तेवढं मिळेल. सगळ्यात जास्त झळ बसली ती सहवैमानिकांना. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये अनेकांनी आजारपणाची रजा टाकली, रोज फेऱ्या रद्द होऊ लागल्या, आणि शेवटी कंपनीने आपल्या दहा टक्के फेऱ्याच कमी केल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली.

आम्हा चिंचवडकरांना टाटांबद्दल काय वाटतं ते सांगायला नको. हे घर टेल्कोच्या पगारावर उभं राहिलं. जेआरडींनी १९२९ मध्ये देशातलं पहिलं वैमानिकाचं लायसन्स मिळवलं आणि १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान जुहूला उतरवलं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. त्यांच्याच समूहाच्या कंपनीत हे व्हावं याचं वाईट वाटतं, पण वाईट वाटतं म्हणून लिहायचं नाही असं थोडंच आहे?

७० चे ४० झाले म्हणजे काय झालं, ते नीट बघा. उड्डाणं कमी झाली तर आधी तोटा कंपनीचा होता. आता तो वैमानिकाच्या पगारातून जाणार. कंपनीच्या डोक्यावरचा धोका उचलून माणसाच्या डोक्यावर ठेवला. शिक्षणाचा खर्च आधीच आईबापांच्या डोक्यावर गेला होता. मग कंपनीकडे काय राहिलं? नफा. इंडिगोचा २०२३-२४ चा नफा ८ हजार १७२ कोटी होता.

आणि नोटिशीचा नियम माहीत आहे का? २०१७ च्या सरकारी नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिने. कारण काय, तर प्रवाशांची गैरसोय होऊ नये. बरं. मग कंपनीने किती दिवस आधी सांगायचं? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, कित्येक महिन्यांचे पगार बुडवून. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, वैमानिकांचे त्या वर्षाचे पगार थकवून. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी विमानं उभी. जेट पुन्हा उडेल म्हणून लोक साडेपाच वर्षं आशेवर राहिले. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढायचा आदेश दिला. माणसाने वर्षभर आधी सांगायचं आणि कंपनीने एका रात्रीत कुलूप लावायचं, हा कुठला न्याय?

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका बंद पडलेल्या कंपनीत सहवैमानिक होता. नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. मोशीला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. एक दिवस खिळे घ्यायला गेले तर हा काउंटरवर. पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाई, सध्या जमिनीवर आहे." हसत म्हणाला, पण नजर वर केली नाही. चार महिन्यांचा पगार अडकलेला, कर्जाचा हप्ता चालू. उड्डाण नाही म्हणून लायसन्स चालू ठेवायचा खर्च वेगळा. आता तो आखातात आहे, बरं चाललंय. पण ते हप्ते भरताना त्याच्या वडिलांनी दुकानामागची जागा विकली, ती काही परत आली नाही.

आता तुमच्या-माझ्या जिवाचा प्रश्न. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलो गावाजवळ एक लहान विमान घरावर पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत बाहेर आलं की सहवैमानिक मुलीचा वर्षाचा पगार सुमारे १६ हजार डॉलर होता. कामाच्या गावी घर परवडत नाही म्हणून ती आईवडिलांकडे राहायची, देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. अपघात फक्त पगारामुळे झाला असं मी म्हणत नाही, चुका कॉकपिटमध्येही झाल्या. पण थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात, हे कळायला चौकशी समिती लागत नाही. त्याच्याच महिनाभर आधी सलनबर्गर या कॅप्टनने न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेलं विमान नदीवर उतरवून १५५ जणांना वाचवलं होतं. सारं जग त्याला डोक्यावर घेत असताना तो संसदेसमोर गेला आणि सांगितलं की माझा पगार ४० टक्क्यांनी कापलाय, पेन्शन गेलंय.

आपल्याकडे काय वेगळं आहे? वैमानिकांना आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती मिळावी, रात्रीची उतरणी सहावरून दोनवर यावी, असे नियम आले. तेही वैमानिकांच्या संघटना कोर्टात गेल्या तेव्हा, २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत. तयारीला दीड-दोन वर्षं मिळाली होती. तरी डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोकडे माणसं पुरली नाहीत आणि हजारो फेऱ्या रद्द झाल्या. आपल्या लोहगावला विमानं उभी होती, ती उडवायला माणसं नव्हती, आणि उभ्या विमानांनी जागा अडवल्यामुळे बाकीच्यांचीही पंचाईत. मग सरकारने काय केलं? त्या कंपनीला विश्रांतीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली! मुलांनी गृहपाठ केला नाही म्हणून परीक्षाच पुढे ढकलावी, तसं.

"पण काकू, माणसं पुरत नाहीत म्हणजे मागणी आहे ना?" हे पुतण्याचं पुढचं वाक्य असणार. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, हेही तो सांगेल. अरे, विमानं एका दिवसात येत नाहीत, वर्षानुवर्षं येत राहतात. आणि कंपन्यांना तुटवडा असतो तो मुख्यतः कॅप्टनचा. २०० तासवाल्या नवख्यांची रांग लांबच असते. २०२३ या एका वर्षात सरकारने सोळाशेच्या वर कमर्शियल लायसन्स दिली. गेल्या काही वर्षांत पगार थोडे वाढलेही, ते मी नाकारत नाही. पण वाढ झाली ती करारातून, आणि करार पुन्हा कधीही बदलतो, हे आपण आत्ताच पाहिलं.

तर माझं म्हणणं असं. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने करावा, हवं तर तीन-चार वर्षांचा बाँड घ्यावा. ठरलेला पगार घर चालेल एवढा असावा, तासांवर सोडू नये. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी असावी. आणि कंपनी बुडाली तर बँकांच्या आधी कामगाराचा पगार द्यावा, मग तो कामगार पायलट असो की विमानात बॅगा चढवणारा. हे मागायला वैमानिकांबरोबर आपणही उभं राहिलं पाहिजे. त्यांचा पगार कापला की "बरं झालं, फार माजले होते" म्हणणारे लोक मी आमच्या सोसायटीतच ऐकलेत. त्यांची स्वतःची मुलं हिंजवडीत आणि चाकणमध्ये कराराच्या नोकरीवर आहेत.

आता घरचं. पुतण्या, तुला तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून इथे सांगते. मी जामीन राहणार नाही आणि जमिनीच्या कागदावर सही करणार नाही. पोरीच्या पंखांना माझा विरोध नाही, हे तिलाही सांग. आधी तिची वैमानिकाची डॉक्टरी तपासणी करून घे, डोळे-कान-हृदय सगळी, त्यात अडलं तर पुढचा खर्चच नको. मग लायसन्सचे लेखी पेपर तिने घरी अभ्यास करून द्यावेत. या दोन्हींचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून करते. पेपर सुटले की आपण तिघं बारामतीला जाऊ आणि तिथल्या मुलांनाच विचारू, किती दिवसांत किती तास उडायला मिळतात आणि आधीच्या बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली. एकरकमी फी कोणालाही द्यायची नाही. त्यानंतर कर्जाचं बोलू.

तोवर शेतात हरभरा आहे, तो राहू दे.

असो. रागावला असशील तरी रविवारी ये. पोरीला घेऊन ये, मला तिच्याशीच बोलायचंय.